अडीच हजार रुपयांचा हिशेब

एका सहकारी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात मी सत्तावीस वर्षे पगारपत्रके तयार केली. भविष्य निर्वाह निधी, सोसायटीचा हप्ता, कॅन्टीनचे बिल असे रकाने भरत गेले की त्यात एक बारकासा रकाना यायचा, 'व्य. क.' म्हणजे व्यवसाय कर. दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २५००. फेब्रुवारीचा पगार हातात पडला की एखादा फिटर खिडकीशी येऊन विचारायचा, "भाऊ, ह्या महिन्यात शंभर जादा का कापले?" मी सांगायचो, "सरकारी आहे, सगळ्यांचे कापतात." मला तेवढेच ठाऊक होते.

हा कर कशासाठी, हे मला कळले ते चाळिशी उलटल्यावर. १९७५चा व्यवसाय कराचा कायदा कामासाठी चाळत होतो. एरवी माणूस कलमे बघतो, प्रस्तावना सोडून देतो. त्या दिवशी ती वाचली. रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी हा कर बसवला आहे, असा त्यात स्पष्ट उल्लेख होता. मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. आटपाडी तालुक्यातल्या आमच्या गावात माझी आई त्याच योजनेवर माती उचलत होती. तिच्या मजुरीतून माझ्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघाला, मी बी.कॉम. झालो आणि नोकरीला लागल्यावर ज्या पैशातून तिच्यासारख्यांची मजुरी निघते तो पैसा कापायला बसलो. हे वर्तुळ मला कुणी शिकवले नव्हते. अर्थशास्त्र मी कॉलेजात परीक्षेपुरते वाचले. पुढचे सगळे तालुक्याच्या वाचनालयात, जुन्या गॅझेटांत आणि रद्दीच्या दुकानांत.

कल्याणकारी राज्याचे आता काय होणार, अशी चर्चा सध्या जगभर चालू आहे. ती वाचताना मला नेहमी वाटते की आपल्या हातात एक मोठा पुरावा आहे आणि आपण तो विसरून गेलो आहोत.

युरोपातला कल्याणकारी राज्याचा इतिहास साधारण दोन टप्प्यांत सांगितला जातो. बिस्मार्कने १८८३मध्ये जर्मनीत कामगारांचा आजारविमा आणला. मालक आणि कामगार दोघांनी वर्गणी भरायची, आजारपणात त्यातून पैसे मिळायचे. ब्रिटनमध्ये बेव्हरिजचा अहवाल डिसेंबर १९४२मध्ये, ऐन युद्धात आला आणि जन्मापासून मरणापर्यंत नागरिकाची काळजी घेणारे राज्य ही कल्पना तिथे रुजली. दोन्हींमध्ये एक गोष्ट गृहीत होती. माणसाला कायमची नोकरी आहे, पगारपत्रकावर त्याचे नाव आहे, त्यामुळे वर्गणी कापता येते. आज त्या देशांतही म्हातारे वाढले, पक्क्या नोकऱ्या घटल्या आणि वर्गणी भरणारे हात कमी पडू लागले. तिथली चिंता ही आहे. आपल्याकडे बहुसंख्य लोकांचे नाव कुठल्याच पगारपत्रकावर कधी नव्हते. ज्याचा मालक रोज बदलतो, त्याची वर्गणी कोण कापणार?

महाराष्ट्राने ह्या प्रश्नाला १९७०च्या दशकात जे उत्तर दिले, ते बिस्मार्कचेही नव्हते आणि बेव्हरिजचेही नव्हते. त्याची मुळे आपल्याच दुष्काळात होती.

१८७६ ते ७८च्या दुष्काळात दख्खनमध्ये सरकारने खडी फोडण्याची, तलाव-रस्त्यांची कामे काढली. सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी खाली आणली. दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे. ह्या मजुरीवर काम करायला नकार देऊन मुंबई इलाख्यात मजूर कामे सोडून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे निवेदनांवर निवेदने धाडली. पुढे १८८०च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती 'फॅमिन कोड' तयार झाले. त्यांमागचा विचार इंग्लंडच्या १८३४च्या गरीब कायद्याशी नाते सांगणारा होता. मदत इतकी कष्टाची आणि इतकी तुटपुंजी असावी, की खरोखर गळ्याशी आल्याशिवाय कुणी ती मागायला येऊ नये. खडी फोडायला लावणे हीच गरिबीची परीक्षा.

कोडमध्ये आणखी एक गोष्ट होती, आणि माझ्या मते सगळा मुद्दा तिच्यातच आहे. दुष्काळ आहे की नाही, हे सरकार ठरवणार. कलेक्टरने पाहणी करायची, आणेवारी काढायची, वर कळवायचे, मग कामे सुरू. स्वातंत्र्यानंतरही हेच चालू राहिले. पैसेवारी पन्नासच्या खाली आली तर टंचाई, एक्कावन्न आली तर नाही. पोटात भूक आहे की नाही, हे पोटाला विचारण्याची सोय नव्हती.

ही सोय करण्याचे श्रेय वि. स. पागे यांचे. विठ्ठल सखाराम पागे सांगली जिल्ह्यातले, स्वातंत्र्यसैनिक, आणि १९६० ते १९७८ इतका दीर्घ काळ विधान परिषदेचे सभापती. सभापती म्हणजे खात्याचा मंत्री नव्हे. त्यांच्या हाती ना अंदाजपत्रक, ना अधिकारी. तरी तासगाव तालुक्यात विसापूरच्या आपल्या शेतावर काम मागायला येणारे मजूर बघून त्यांनी हिशेब मांडला आणि मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना पत्र लिहिले. एवढ्या पैशात एवढ्या माणसांना एवढे दिवस काम देता येते, तर सगळ्यांना देण्यासाठी किती लागेल? १९६५मध्ये विसापूर परिसरात हा प्रयोग सुरू झाला. लोक अजून तिला 'पागे योजना' म्हणतात. मी विसापूरला दोनदा जाऊन आलो. बघण्यासारखे काही असेल असे वाटले होते. आहे ते साधे, कुठल्याही गावासारखे गाव. मला उगीचच बरे वाटले.

प्रयोग छोटा होता आणि छोटाच राहिला असता. मग बहात्तरचा दुष्काळ आला.

ह्या दुष्काळावर इतके लिहिले गेले आहे की मी थोडक्यात सांगतो. १९७० ते ७३ अशी ओळीने वर्षे वाईट गेली. १९७२च्या पावसाळ्याने तर पूर्णच पाठ फिरवली. मे १९७३मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. १९७१च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ५ कोटी ४ लाख. म्हणजे लहान मुले, म्हातारे, मुंबईकर सगळे धरून दर दहांत एक माणूस हातात टिकाव, फावडे किंवा घमेले घेऊन उभा होता. पिके बुडाली तरी भूकबळींचे थैमान झाले नाही, आणि म्हणूनच ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अभ्यासकांनी ह्या कामांचा अभ्यास केला.

त्या ५० लाखांत माझी आई होती. मी दोन वर्षांचा होतो, बाभळीला बांधलेल्या झोळीत. मला त्यातले काही आठवत नाही. आई सांगते ते मुलांना मिळणाऱ्या सुकडीबद्दल आणि लाल मिलो ज्वारीबद्दल. "भाकर थापली की तडकायची. पर व्हती." एकदा मी तिला विचारले, तेव्हा लाज वाटायची का सरकारी कामावर जायला? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "लाज कशाची? दिसभर खडी फोडून पैसा घ्यायचो. कुणाचं उपकार न्हाईत."

रोजगार हमी योजना राज्यभर नेण्याचे १९७२मध्येच ठरले होते, पण दुष्काळी कामांच्या धबडग्यात ती मागे पडली आणि दुष्काळ ओसरल्यावर तिने जोर धरला. १९७७मध्ये दोन्ही सभागृहांनी कायदा एकमताने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. कायदा वाचताना कुणाही सरकारी कागद हाताळणाऱ्या माणसाला आश्चर्य वाटावे. ग्रामीण भागातल्या कुणाही प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले, तर पंधरा दिवसांत ते द्यायचे. न दिले तर बेकारभत्ता द्यायचा, दिवसाला निदान एक रुपया. बाईला आणि पुरुषाला एकच दर. कामावर पिण्याचे पाणी, सावली, लहान मुलांसाठी पाळणाघर. दिवसांची मर्यादा नाही. राज्यघटनेच्या ४१व्या कलमात कामाचा हक्क मार्गदर्शक तत्त्व म्हणून होता, पण त्यासाठी कोर्टात जाता येत नव्हते. इथे पहिल्यांदा एका राज्याने ते तत्त्व उचलून कायद्यात बसवले.

आणि दुष्काळ जाहीर करण्याचा अधिकार कलेक्टरच्या टेबलावरून उठून मजुराच्या हातात आला. 'नमुना ४' भरून काम मागितले, की माझ्यापुरती टंचाई जाहीर झाली. पैसेवारी काहीही असो.

पैशाची बाजूही तितकीच विचारपूर्वक बांधलेली होती. व्यवसाय कर, मोटार वाहनांवर जादा कर, विक्रीकरावर अधिभार, बागायती जमिनीवर उपकर, शहरांतल्या बिगर-निवासी इमारतींवर कर. नगरपालिकेच्या बिलावर अजूनही दिसणारा 'रोजगार हमी उपकर' तो हाच. ह्या करांतून जेवढे येईल तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची आणि सगळे रोजगार हमी निधीत जमा करायचे. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१च्या आपल्या ग्रंथात, गरिबी हटवायची तर श्रमाची कामे काढावीत आणि सधन वर्गाने त्याचा भार उचलावा, असे मांडले होते. महाराष्ट्राने ते जवळजवळ शब्दशः केले. मुंबईतला बँकेचा कारकून आटपाडीतल्या बाईची मजुरी भरत होता. त्याला ते माहीत नव्हते आणि तिलाही. एरवी एकमेकांकडे ढुंकून न बघणारी दोन माणसे एका वहीत आमनेसामने होती. कल्याणकारी राज्याची याहून नेमकी व्याख्या मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही.

हे सगळे झाले ते केवळ पुण्य म्हणून, असे नाही. शहरांना खेड्यांतून येणारे लोंढे नको होते. बागायतदारांना बांधबंदिस्ती, पाझर तलाव आणि रस्ते हवे होते. राज्यकर्त्यांना गावात शांतता हवी होती. प्रत्येकाला काहीतरी मिळत होते म्हणून एकमत झाले. यात मला वावगे वाटत नाही. टिकलेल्या योजनांच्या मुळाशी असा सौदा असतोच.

योजनेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खोटे हजेरीपट, मापात मारलेली मजुरी, मुकादमाचा वाटा. "रोजगार हमी, अर्धे तुम्ही अर्धे आम्ही" हे गावागावांत म्हटले जायचे आणि ते विनोद म्हणून म्हटले जात नव्हते. बेकारभत्ता कागदावर होता, प्रत्यक्षात फार क्वचित कुणाला मिळाला. पाळणाघर म्हणजे बाभळीचे झाड.

१९८८मध्ये एक मोठी गोष्ट घडली. योजनेची मजुरी किमान वेतनाशी जोडली गेली आणि जवळपास दुप्पट झाली. मजुरांच्या बाजूने बघितले तर न्यायच झाला. पण कामावरची हजेरी झपाट्याने घसरली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी १९९३मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. मजुरी वाढल्यावर काम मागणाऱ्या सगळ्यांना काम मिळेनासे झाले, म्हणजे हमीत हळूच काटछाट सुरू झाली, असा त्यांचा निष्कर्ष होता. मी तो निबंध वाचला तेव्हा आईचे वाक्य आठवले, "पैसं वाढलं आन् कामच दिसंना झालं." तिच्याकडे आकडेवारी नव्हती. तिच्याकडे रिकामे दिवस होते. काम मागायला गेले की नकार कुणी देत नसे. फक्त कामे मंजूर नसत, साहेब दौऱ्यावर असत, किंवा काम निघे ते दूरच्या गावी. हक्क रद्द करण्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, हे मला तिथे कळले.

१९९०मध्ये योजनेला फलोत्पादन जोडले गेले. शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीत फळबाग आणि मजुरीचा खर्च योजनेतून. माणदेशात डाळिंब आणि कोकणात आंबा-काजू पसरायला ह्या निर्णयाचा हातभार लागला. चांगलेच झाले. फक्त ज्याला जमीन नाही, त्याची योजना थोडी ज्याला जमीन आहे त्याच्याकडे सरकली.

पुढे २००५मध्ये केंद्राने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. महाराष्ट्राचे मूल देशाने दत्तक घेतले, असे त्या वेळी अभिमानाने लिहिले गेले. दर कुटुंबाला वर्षाला १०० दिवस. त्यापुढचे दिवस महाराष्ट्राच्या कायद्याने राज्याने द्यायचे. अकुशल मजुरीचा सगळा खर्च आणि साहित्याचा तीन चतुर्थांश खर्च केंद्राकडे गेला. मी हिशेब खात्यातला माणूस, माझी नजर इथे अडकली. राज्यावरचा भार हलका झाला, पण पगारपत्रकातला रकाना मात्र तसाच राहिला. कमाल मर्यादा घटनेच्या २७६व्या कलमाने ठरलेली, १९८८पर्यंत वर्षाला २५०, नंतर २५००. ती आजही आहे. फिटरने खिडकीशी विचारले होते ते बरोबरच होते. कशासाठी? जो पैसा एका ठरावीक वचनासाठी म्हणून घेतला, तो त्या वचनापेक्षा जास्त उरू लागला तर ते बचत केल्याचे लक्षण आहे की वचन न पाळल्याचे?

२०२५-२६मध्ये महाराष्ट्रात ह्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आमच्याकडे द्राक्षबागेत छाटणीला याहून जास्त मिळते. तरणी माणसे तिकडे जातात. नमुना ४ भरायला येतात त्या बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या बायका. बागेत त्यांना कुणी बोलावत नाही.

दरम्यान राज्याची दिशा बदलली आहे. २०२४च्या जूनमध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या स्त्रियांना महिन्याला १५०० रुपये. तेव्हा वर्षाला ४६,००० कोटींची तरतूद सांगितली गेली, २०२५-२६च्या अर्थसंकल्पात ती ३६,००० कोटी होती. सगळ्या देशाच्या रोजगार हमीसाठी केंद्राची त्या वर्षीची तरतूद ८६,००० कोटी होती. दोन आकडे शेजारी ठेवले की पाणी कुठे वाहते आहे ते दिसते.

थेट रोख पैसे देण्याला नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. जगभर विचार त्याच बाजूला चालला आहे. फिनलंडने २०१७-१८मध्ये २००० बेकारांना दरमहा ५६० युरो विनाअट देऊन बघितले. आपल्या २०१६-१७च्या आर्थिक पाहणीत सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नावर एक अख्खे प्रकरण होते. गरिबी सिद्ध करायला माणसाला उन्हात खडी फोडायला लावणे हे मुळात टेंपलसाहेबांचेच तर्कट आहे. आम्ही त्याला हक्काचे नाव दिले, पण त्याने माझ्या आईची कंबर वाचली नाही. पंचाहत्तराव्या वर्षी ती वाकून चालते, आणि डॉक्टर विचारतात, "आजी, कधी पडला होता का?"

पण रोख रकमेत एक जुना प्रश्न परत येतो. कोण गरीब, हे कोण ठरवणार? रोजगार हमीत ते मजूर स्वतः ठरवत होता. ज्याला गरज नाही तो उन्हात येणारच नव्हता. आता ते पुन्हा वरून ठरते. २०२५मध्ये पडताळणी होऊन सुमारे २६ लाख नावांचा लाभ थांबवण्यात आला. त्यांत काही अपात्र असतील, काही नसतील. ज्याचे नाव थांबले त्याने कुठला नमुना भरायचा, पंधरा दिवसांत उत्तर कुणी द्यायचे, न दिल्यास भत्ता किती, असे १९७७च्या कायद्यासारखे इथे काही लिहिलेले नाही. ही योजना शासन निर्णयाने आली आहे. एका शासन निर्णयाने आलेली गोष्ट दुसऱ्या शासन निर्णयाने जाते. तिच्यासाठी वेगळा कर नाही, त्यामुळे कुणाच्या पगारपत्रकात तिचा रकाना नाही आणि "हे कशाचे कापता" असे विचारणाराही कुणी नाही.

आमच्या शेजारच्या वहिनी चौसष्ट वर्षांच्या आहेत. आईच्या बरोबरीने हमीच्या कामावर जायच्या. त्यांना दीड हजार येतात आणि त्या पैशांवर त्यांची रक्तदाबाची गोळी आणि गॅसची टाकी चालते. गेल्या महिन्यात त्या कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. पुढच्या जुलैत पासष्ट पूर्ण होतात, मग पैसे बंद होणार, असे त्यांना कुणीतरी सांगितले होते. ते खरे आहे. मी सांगितले, पासष्टीनंतर श्रावणबाळ योजना आहे, तिथेही दीड हजारच मिळतात. त्या हसल्या. मग मी अट वाचून दाखवली. वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत.

"आन् आता किती चालतं?"

"अडीच लाख."

त्यांनी थोडा विचार केला. "म्हंजी जुलैत मी येकदम श्रीमंत हुनार."

पुढच्या आठवड्यात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आम्ही दोघे तालुक्याला गेलो. त्यांच्या मुलाची दोन एकर जिरायत आणि एक म्हैस. २१,००० बसवायचे कसे, ह्यावर खिडकीच्या आतला कारकून आणि मी बराच वेळ बोलत होतो. तो समजूतदार माणूस होता. माझ्यासारखाच रकाने भरणारा. वहिनी बाहेर बाकावर बसून होत्या. मी बाहेर आल्यावर त्यांनी विचारले, "न्हाईच बसलं तर हमीचं काम मागता ईल का वो, भाऊ? वयाची अट हाय का त्याला?"

मी सांगितले, कायद्यात अठरा वर्षे पूर्ण एवढेच आहे. वरची मर्यादा नाही.